आईच्या स्वयंपाकघरातला अनोळखी इसम

आमच्या आईच्या स्वयंपाकघरातला गॅस एक अनोळखी इसम गेले पाच महिने नियमितपणे बंद करवत होता, ही बाब एका रविवारी सकाळी दहा वाजून वीस मिनिटांनी कुटुंबाच्या निदर्शनास आली. वेळ मी लगेच लिहून ठेवली. सवय आहे.

मी निरीक्षक आहे. कशाचा, ते महत्त्वाचं नाही. आमच्या खात्यालाही ते दर दोन-तीन वर्षांनी नव्याने ठरवावं लागतं. इतरांनी काम केलं आहे की नाही ते पाहायचं आणि कागदाच्या डाव्या कोपऱ्यात ‘पाहिले’ असं लिहून सही करायची, हे माझं काम. सव्वीस वर्षांत मी इतकं पाहिलं आहे की आता पाहण्यासाठी मला कागद उघडावाही लागत नाही. माझ्या कामाच्या झपाट्यावर वरिष्ठ खूश आहेत.

तर कॅमेरा. वडील गेल्यावर आई एकटी राहू लागली. वय अठ्ठ्याहत्तर, कान जरा जड, बाकी तब्येत ठणठणीत. पण दूध गॅसवर ठेवायची, खिडकीजवळच्या आरामखुर्चीत जाऊन बसायची आणि विसरायची. दोनदा पातेलं जळलं. तिसऱ्यांदा दूध उतू जाऊन ज्योत विझली आणि घरभर गॅस पसरला. खालच्या मजल्यावर शिवणकाम करणाऱ्या बाई राहतात, त्यांना वास आला म्हणून निभावलं. त्या दिवशी सगळं कुटुंब जमलं. “आता आईला एकटं ठेवायचं नाही,” असं ताई म्हणाली, आणि त्यावर सगळ्यांचं तात्काळ एकमत झालं. मग तिला कोणाकडे ठेवायचं यावर चर्चा सुरू झाली आणि अर्ध्या तासात कॅमेरा घ्यायचं ठरलं.

भावोजींचं चष्म्याचं दुकान आहे. दुकानात आठ कॅमेरे आहेत, त्यामुळे आमच्या घरात ते या विषयातले जाणकार मानले जातात. त्यांनी स्वतः स्टुलावर चढून स्वयंपाकघर आणि बाहेरची खोली दोन्ही दिसतील अशा बेताने कॅमेरा बसवला. “ऐकतो, बोलतो, अंधारात बघतो,” ते म्हणाले. “आता आईंवर चोवीस तास डोळ्यांत तेल घालून लक्ष.” माझ्या, ताईच्या आणि त्यांच्या स्वतःच्या फोनवर त्यांनी ॲप टाकून दिलं. आई खोलीत हलली की तिन्ही फोनवर सूचना येई, ‘हालचाल आढळली’. सूचनेखाली एक बटण असे. त्यावर लिहिलेलं होतं, ‘पाहिले’. ते बटण मला पहिल्या दिवसापासून आपलंसं वाटलं.

आता त्या रविवारकडे येतो. महिन्यातून एकदा आम्ही सगळे आईकडे जातो, तसे गेलो होतो. आईने चहा टाकला आणि येऊन गप्पा मारत बसली. मी सहज विचारलं, “आई, गॅस बंद करायला विसरत नाहीस ना आता?”

“विसरते की,” आई म्हणाली. “पण तुझा माणूस सांगतो ना.”

“माझा कुठला माणूस?”

“तो रे, कॅमेऱ्यातला. ‘आजी, गॅस’ म्हणतो, मी उठते, बंद करते. दार लोटायचं राहिलं तरी सांगतो. परवा तासभर चष्मा शोधत होते, तर म्हणाला, ‘आजी, कपाळावर आहे.’ स्वभावाने बरा आहे हो. तुला वेळ नसतो म्हणून तूच ठेवलायस ना त्याला?”

ताईने माझ्याकडे पाहिलं, मी भावोजींकडे पाहिलं, भावोजींनी कॅमेऱ्याकडे पाहिलं. आणि कॅमेरा बोलला.

“आजी, पाहुण्यांच्या नादात चहा उतू चाललाय.”

चहा खरंच उतू चालला होता. पण आमच्यापैकी कोणी जागचं हलेना. माझी तर पाचावर धारण बसली होती. शेवटी आईच उठली, गॅस बंद करून आली आणि कौतुकाने म्हणाली, “बघितलंस, कसं लक्ष असतं त्याचं!”

आमच्या सौभाग्यवती तेवढ्या शुद्धीवर होत्या. त्यांनी कॅमेऱ्याकडे तोंड करून दरडावलं, “कोण बोलतंय?”

थोडी खरखर झाली. एक शिंक ऐकू आली. मग आवाज म्हणाला, “सॉरी, राँग कॅमेरा,” आणि गप्प झाला.

ताईने हातातला ओला टॉवेल कॅमेऱ्यावर फेकला. “मेला पाच महिने आपल्या आईला बघतोय!” ती ओरडली. “दिवसभर! एकेक हालचाल! आणि आपल्याला पत्ताच नाही?” हा शेवटचा प्रश्न प्रक्रियेला धरून नसल्याने त्यावर कोणी उत्तर दिलं नाही.

“टॉवेल काढ आधी तो,” आई म्हणाली. “त्याला सर्दी झालीय. वाफ घे म्हणून चार दिवस सांगतेय, ऐकेल तर शपथ.”

दुसऱ्याच दिवशी मी रजा टाकून ऑनलाइन गुन्ह्यांच्या कार्यालयात गेलो. टेबलामागच्या साहेबांनी तक्रारीचा छापील फॉर्म पुढे ओढला आणि पेनाचं टोपण दातांनी काढलं.

“संशयित इसम आपल्या परिचयाचा आहे काय?”

“माझ्या नाही. आईच्या आहे.”

“काय चोरीला गेलं?”

“काही नाही.”

“बरं, मग नुकसान काय झालं?”

“त्याने गॅस बंद करायला सांगितला.”

“आणि तुमच्या आईंनी केला?”

“हो.”

साहेबांनी कपाळाला आठ्या घातल्या. नुकसानीच्या रकान्यात त्यांनी ‘निरंक’ लिहिलं. एवढा मोठा गुन्हा आणि रकाने रिकामे राहतात, याचं त्यांना मनापासून वाईट वाटत होतं. “आठवून बघा हो,” ते म्हणाले. “धमकी वगैरे काही?”

मी आठवलं. “एकदा म्हणाला होता म्हणे, ‘आजी, गोळी घेतली नाहीत तर मी आज बोलणार नाही.’”

“हां, हे बरं झालं!” साहेबांचा चेहरा उजळला. त्यांनी धमकीचा रकाना भरला, खालीपर्यंत भरला. “आता जरा वजन आलं प्रकरणाला. कॅमेऱ्याचा पासवर्ड काय होता?”

“कारखान्यातून आला तोच. एक ते सहा आकडे, ओळीने.”

साहेबांनी इकडे तिकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला. “मोठ्याने बोलू नका. आमच्या कॅमेऱ्यांचाही तोच आहे.”

निघताना त्यांनी माझ्या हातात एक दक्षता पत्रक ठेवलं आणि दोन सूचना दिल्या. तपास चालू असेपर्यंत कॅमेऱ्यात काहीही बदलायचं नाही, नाहीतर पुरावा नष्ट होईल. आणि आजच्या आज सगळं बदलायचं, नाहीतर पुढे काही घडलं तर जबाबदारी आमची. दोन्ही सूचना मला योग्य वाटल्या. पत्रकाच्या डाव्या कोपऱ्यात मी ‘पाहिले’ लिहून सही केली आणि ते खिशात घातलं.

त्यानंतर आम्ही कॅमेरा सुरक्षेच्या तज्ज्ञांकडे गेलो. भावोजींच्या ओळखीतले. घरांपासून गोदामांपर्यंत सगळ्यांचे कॅमेरे ते हॅकरपासून वाचवून देतात. त्यांच्या स्वतःच्या ऑफिसच्या छताला वीसेक कॅमेरे लटकत होते आणि प्रत्येकात लाल दिवा लुकलुकत होता. भावोजी भारावून गेले. “एवढ्या सगळ्यांची सुरक्षा कशी सांभाळता हो?”

“रिकामे आहेत,” तज्ज्ञ म्हणाले. “आत नुसता दिवा. जो बघतच नाही, त्याला हॅक कोण करणार? यापेक्षा सुरक्षित मॉडेल जगात नाही. पण लोकांना पटत नाही, बघणाराच पाहिजे म्हणतात.”

मग त्यांनी आईच्या कॅमेऱ्याचा इतिहास संगणकावर उघडला. कोणी, कधी, किती वेळ पाहिलं, याची नोंद कॅमेरा आपणहून ठेवतो, ही गोष्ट भावोजींनी आम्हाला सांगितलेली नव्हती. तज्ज्ञांनी ती नोंद छापून दिली. भावोजींनी नाकावर चष्मा चढवून मोठ्याने वाचायला सुरुवात केली आणि तिसऱ्या ओळीला त्यांचा आवाज बारीक झाला.

मी बसवल्या दिवशी अकरा मिनिटं पाहिलं होतं. त्यानंतर एकदा चार सेकंद, आणि तेव्हाही फोन खिशात होता. ताईने दोनदा पाहिलं होतं. तिने दिलेली शाल आई वापरते की कपाटात ठेवते, एवढंच तिला बघायचं होतं. भावोजींची नोंद नऊ वेळांची निघाली, सगळी दुकानाच्या वेळेतली. चित्र किती स्पष्ट येतं ते गिऱ्हाइकांना दाखवण्यासाठी. सौभाग्यवतींचं नाव यादीत नव्हतं. त्यांना कोणी पासवर्डच दिला नव्हता.

आणि उरलेली साडेचार पानं त्या इसमाची. सकाळी आठ ते साडेबारा, दुपारी चार ते सात. एकशे सेहेचाळीस दिवस, त्यात फक्त तीन खाडे. अशी हजेरी माझ्या खात्यात एकाचीही नाही, माझी तर नाहीच. ती पानं हातात घेऊन उभा असताना मला लाज वाटली. पण चारचौघांत होतो, म्हणून मी ती राग म्हणून व्यक्त केली.

“हे चालणार नाही,” मी टेबलावर हात आपटून म्हणालो. “आईच्या खासगी आयुष्यात परक्या माणसाने एवढं लक्ष घालायचं म्हणजे काय!”

“बरोबर,” तज्ज्ञ म्हणाले. “आपण त्याचे सगळे रस्ते बंद करू.”

पहिला उपाय म्हणजे नवा पासवर्ड. सोळा अक्षरी, त्यात आकडे, चिन्हं, सगळं. वीज गेली-आली की कॅमेरा तो पुन्हा मागणार आणि आईने तो आम्हाला फोनवर वाचून दाखवायचा, म्हणजे तो तिच्यापाशी असायला हवा. लेखी नसलेली गोष्ट आमच्या खात्यात अस्तित्वात नसते. म्हणून मी तो ठसठशीत अक्षरांत टाइप केला, प्लॅस्टिकचं आवरण चढवलं आणि आईला सहज दिसेल अशा उंचीवर भिंतीला लावला. खाली तळटीप दिली की हा बदल सोमवारी सकाळी आठपासून अमलात येईल. शनिवारी कागद लागला. नीट दिसतो ना, ते मी ॲपमध्ये तपासूनही घेतलं. उत्तम दिसत होता, कारण तो कॅमेऱ्याच्या बरोबर समोर होता. भावोजींनी पुन्हा एकदा चित्राच्या स्पष्टतेचं कौतुक केलं.

सोमवारी सव्वाआठला आईचा फोन आला. “तो म्हणतोय, साहेबांना सांगा, कागद आतल्या खोलीत लावा. मला वाचायचा नव्हता, पण समोरच आहे, म्हणतो. प्रामाणिक आहे रे अगदी.”

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. तज्ज्ञांनी दुसरा उपाय काढला. पासवर्डशिवाय एक गुप्त प्रश्न असतो, ज्याचं उत्तर फक्त घरच्यांनाच माहीत असेल असा. आम्ही साधासा प्रश्न निवडला: आईचा आवडता रंग कोणता?

“निळा,” ताई म्हणाली.

“हिरवा,” मी म्हणालो.

“पांढरा असेल,” भावोजी म्हणाले. “नेहमी पांढऱ्या फ्रेमचा चष्मा घेतात.”

“ती फ्रेम तुम्हीच देता त्यांना, खपत नाही म्हणून,” सौभाग्यवती म्हणाल्या.

शेवटी आईला फोन लावला. “जांभळा,” ती म्हणाली. “का रे? त्याला माहीत आहे की. परवाच विषय निघाला होता.”

म्हणजे खरं उत्तर फुटलेलं होतं. तज्ज्ञ म्हणाले की सुरक्षेच्या दृष्टीने आता ते बाद धरावं लागेल. आम्ही ‘काळा’ असं उत्तर भरलं, कारण आईला काळा रंग अजिबात आवडत नाही, आणि हे उत्तर तिला चांगलं ओळखणाऱ्या माणसाच्या डोक्यात कधीच येणार नाही. याच नियमाने मग आम्ही पुढचेही प्रश्न बांधले. आईची लहानपणची मैत्रीण, आईचा दुखरा गुडघा, आईला झोप न लागण्याचं कारण. त्या इसमाला ठाऊक असलेलं प्रत्येक उत्तर आम्ही चुकीचं करून टाकलं. आम्हाला त्यात फारसा त्रास पडला नाही, चुकीची उत्तरं आमच्याकडे तयारच होती.

“पण खरा धोका पुढेच आहे,” तज्ज्ञ म्हणाले. “आईंची दिनचर्या त्याला पाठ आहे. कधी उठतात, कुठे बसतात, कधी गोळी घेतात. ती माहिती निकामी करायची, तर दिनचर्याच बदलली पाहिजे. दर आठवड्याला.”

त्यांनी तक्ता करून दिला. आठची गोळी साडेनऊला गेली. आंघोळ दुपारी गेली. आणि खिडकीजवळची आरामखुर्ची, जिच्यात आई वीस वर्षं बसत होती, ती पहिल्या आठवड्यात कपाटाशी, दुसऱ्या आठवड्यात दाराशी आणि तिसऱ्या आठवड्यात स्वयंपाकघर आणि बाथरूमच्या मधल्या अरुंद बोळकांडीत, असं ठरलं.

“अरे, मी काय बँक आहे?” आई म्हणाली.

“तुझ्याच भल्यासाठी आहे, आई.”

“खुर्ची तरी राहू दे रे जागेवर. मला अंदाज असतो तिचा.”

“तोच अंदाज त्यालाही आहे ना,” मी समजुतीच्या सुरात म्हणालो.

शेवटचा उपाय मात्र रामबाण ठरला. पासवर्ड आणि गुप्त प्रश्न दोन्ही ओलांडून कोणी आलंच, तरी चित्र दिसण्याआधी एक सांकेतिक क्रमांक टाकावा लागणार, आणि तो फक्त नोंदणीकृत फोनवर येणार. नेटचं कनेक्शन आईच्या नावावर, म्हणून नोंदणीकृत फोन आईचा. जोडीला कॅमेऱ्याचा स्पीकरही कायमचा बंद करून टाकला. आता तो ऐकेल, बघेल, पण बोलणार नाही. त्या दिवसापासून इसम यायचा बंद झाला. तज्ज्ञांनी आम्हाला प्रमाणपत्र दिलं: ‘सदर कॅमेऱ्यात कोणत्याही बाहेरच्या व्यक्तीस प्रवेश करणे अशक्य.’ मी त्याच्या डाव्या कोपऱ्यात सही केली.

“जाताना काही बोलला का गं?” सौभाग्यवतींच्या आग्रहावरून मी आईला विचारलं.

“स्पीकर बंद व्हायच्या आदल्या दिवशी बोलला ना,” आई म्हणाली. “म्हणाला, ‘आजी, आता घरचेच लक्ष देणार आहेत, मी निघतो. गॅसकडे बघा.’”

तक्त्यातला तिसरा आठवडा. बुधवार. मी ऑफिसात एका बैठकीत होतो. विषय होता निरीक्षणाचा दर्जा कसा उंचावावा. अकरा वाजून दहा मिनिटांनी माझा फोन थरथरला. ‘व्यक्ती जमिनीवर आढळली. चित्र पाहण्यासाठी सांकेतिक क्रमांक टाका. क्रमांक नोंदणीकृत फोनवर पाठवला आहे.’

मी बेजबाबदार माणूस नाही. मी लगेच बाहेर येऊन आईला क्रमांक विचारण्यासाठी फोन केला. पूर्ण वाजला, तिने उचलला नाही. कान जड आहेत, मी म्हटलं. संदेश पाठवला, ‘आई, तुझ्या फोनवर एक नंबर आलाय, तो पाठव.’ क्रमांकाची मुदत दोन मिनिटं. ती संपली. मी दुसरा मागवला, तोही तिच्याच फोनवर गेला. तिसरा मागवल्यावर ॲपने कळवलं की आपल्या सुरक्षिततेसाठी हे खातं चोवीस तास बंद ठेवण्यात येत आहे. मागच्या आठवड्यात या कॅमेऱ्याने खाली पडलेल्या टॉवेललाही व्यक्ती म्हटलं होतं, हे मला आठवलं. आत साहेब माझी वाट बघत होते. सूचनेखाली ते बटण होतं. मी ते दाबलं.

तीच सूचना ताईलाही गेली होती. पण तिच्या फोनवर सूचनेखाली शेरा उमटला, ‘कुटुंबातील सदस्याने पाहिले’. ती निर्धास्त झाली. भावोजींच्या फोनवरही तोच शेरा उमटला, तेही निर्धास्त झाले. त्या दिवशी आमच्या कुटुंबात सगळे निर्धास्त होते.

दुपारी तीन चाळीसला त्या भागातली वीज गेली. खालच्या शिवणवाल्या बाईंचं मशीन थांबलं आणि त्यांना वरून ठक ठक ऐकू आली. आई स्टीलच्या पेल्याने फरशीवर ठोकत होती. बाईंकडे जादा किल्ली होती. त्यांनी दार उघडलं, शेजारच्यांना हाका मारल्या, गाडी बोलावली. मग मला फोन केला. तो मी उचलला, कारण तोवर बैठक संपली होती.

खुब्याचं हाड मोडलं होतं. शस्त्रक्रिया व्हायची होती. हॉस्पिटलच्या बाकावर आम्ही चौघं ओळीने बसलो होतो, कोणी कोणाकडे बघत नव्हतं. तज्ज्ञ भेटायला आले. त्यांनी मागच्या दाराने खातं उघडून त्या दिवसाचं चित्रण भावोजींच्या फोनवर लावून दिलं आणि अभिमानाने म्हणाले, “बघा, साडेचार तासांत एकसुद्धा बाहेरचा माणूस आत आला नाही.”

चित्र अतिशय स्पष्ट होतं. आई चहाचा पेला घेऊन बोळकांडीतून निघते. खुर्चीच्या पायाला तिचा पाय अडकतो. ती पडते. मग ती मान वळवून कॅमेऱ्याकडे बघते.

“अरे, आहेस का?” ती म्हणते. उत्तराची वाट बघते. “पडलेय मी. उठता येत नाहीये. माझ्या मुलाला कळवतोस का? नंबर घे.”

आणि ती माझा नंबर सांगते. एकेक आकडा सुटा, सावकाश, समोरच्याला लिहून घेता येईल असा. एकही आकडा चुकत नाही. थांबून ती पुन्हा पहिल्यापासून सांगते. तेवढ्यात टेबलावर तिचा फोन वाजायला लागतो.

“बघ रे, कोणाचा आहे,” ती कॅमेऱ्याला म्हणते. “मला पोचता येत नाही.”

तो फोन माझा होता. सांकेतिक क्रमांकासाठी केलेला.

भावोजींनी फोन पालथा करून मांडीवर ठेवला. ताई पदरात तोंड लपवून रडायला लागली. “तो असता,” सौभाग्यवती भिंतीकडे बघत म्हणाल्या, “तर अकरा वाजून अकरा मिनिटांनी तुम्हाला फोन आला असता.” मला उत्तर द्यायचं होतं. सव्वीस वर्षांत पहिल्यांदा मला शेरा सुचला नाही.

यथावकाश ऑनलाइन गुन्ह्यांच्या कार्यालयाचं पत्र आलं. ‘संशयित इसमाचा प्रवेश पूर्णतः बंद झाल्याने प्रकरण निकाली काढण्यात येत आहे. नुकसान: निरंक.’

आई आता घरी आली आहे, वॉकर घेऊन चालते. तिला कोणाकडे ठेवायचं यावर पुन्हा चर्चा झाली. चर्चा रंगात आली असताना आईच म्हणाली, “मी माझ्या घरी बरी आहे. फक्त खुर्ची खिडकीशी लावा आणि त्या कॅमेऱ्याचं तुम्ही काय केलंत ते काढून टाका.” आम्ही सगळं काढलं. सांकेतिक क्रमांक काढला, गुप्त प्रश्न काढले, स्पीकर चालू केला. पासवर्ड पुन्हा एक ते सहा, ओळीने. तो मी मोठ्या अक्षरांत लिहून कॅमेऱ्यासमोर लावला, जरा जास्तच मोठ्या.

महिना झाला, तो काही आला नाही. भावोजींनी पर्याय म्हणून एका बघणाऱ्या कंपनीची चौकशी केली. तिथे पगारी माणसं दिवसभर लोकांच्या आईवडिलांकडे लक्ष ठेवतात. एका माणसाकडे साठ घरं. त्याच्या पडद्यावर प्रत्येक घराखाली एक बटण असतं. बटणावर काय लिहिलेलं आहे ते मी विचारलं नाही.

रोज सकाळी आठला आई खुर्चीत बसते, कॅमेऱ्याकडे मान वळवते आणि विचारते, “आहेस का?” मला हे माहीत आहे, कारण आठ वाजता माझा फोन थरथरतो: ‘आवाज आढळला’. नेमकी तीच माझी निघायची वेळ.

हे वाचून तुम्हाला माझी चीड आली असेल. यायलाच हवी, मलाही येते. चीड आहे तोवर एक करा. तुमच्या फोनमध्येही असं एखादं घर असेल. कॅमेरा नसला तरी नंबर असेल, ‘आई’ नाहीतर ‘बाबा’ नावाने जपून ठेवलेला. उघडा. काही आलेलं असेल, तर वाचा, ऐका, बघा. आत्ता घाईत असाल, बैठक असेल, पासवर्ड आठवत नसेल, तर घाबरायचं कारण नाही. खाली बटण आहे. आम्ही सगळे तेच दाबतो.